जुना कॅमेरा, विकणे आहे

आमच्या घरात एक कायदा आहे. एक वस्तू आत आली की एक वस्तू बाहेर गेली पाहिजे. हा कायदा बायकोने वाचनालयातून आणला. ती तिथे नोकरीला आहे आणि तिथली कपाटं इतकी गच्च भरली आहेत, की नवं पुस्तक घ्यायचं तर एखाद्या जुन्याला निरोप द्यावाच लागतो. पुस्तकांपुरतं हे ठीक आहे, पण आमच्याकडे हा नियम चपलांपासून चमच्यांपर्यंत सगळ्यांना लागू आहे. (ती लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात माझी लोखंडी खाट, माझी सायकल आणि माझ्या खोलीत राहणारा मित्र असे तिघेही बाहेर गेले.)

त्यामुळे नवा कॅमेरा घ्यायचं मनात आलं तेव्हा मी विषय जरा लांबून काढला. हल्लीचे कॅमेरे किती हलके असतात, जुन्याने माझी मान कशी अवघडते, वगैरे. बायको पुस्तकाला कव्हर घालत होती. तिने मान वर न करता विचारलं,

“घ्या की. जुना कधी जातोय?”

“कुठे?”

“बाहेर.”

झालं. वाक्य संपलं, विषय संपला. मी म्हणालो, “विकून टाकू!” आणि हे मी इतक्या जोरात म्हणालो, की आतल्या खोलीतून आमची लेक धावत आली आणि तिने पंधरा मिनिटांत इंटरनेटवर जाहिरात टाकूनसुद्धा दिली. जुना कॅमेरा, चालू स्थितीत, विकणे आहे. माझा मुळात विचार करायचा बेत होता. आमच्या घरात विचाराला तेवढी जागा नाही. (एक विचार आत आला की एक बाहेर जावा लागतो, असंच असावं.)

आता या जुन्या कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं. दिसायला तो काही देखणा नाही. मुठीखालचं रबर सुटलंय, बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने बसवलंय, आणि वजन म्हणाल तर दार उघडं राहावं म्हणून आम्ही तो दाराशी ठेवायचो. पण सासरी माझी जी काही पत आहे ती या एका कॅमेऱ्यावर. सासरचे सगळे लोक कर्तबगार. सासऱ्यांनी पूल बांधले. मेव्हणा दातांचा डॉक्टर. सासूबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी नुसती भुवई वर केली तरी शाळेतली घंटा वाजवणारा शिपाई वेळेआधी घंटा द्यायचा म्हणे. या मंडळींत मी विमा कंपनीतला कारकून. जेवताना मी बोलायला तोंड उघडलं की कोणीतरी मला वाढायला पुढे येतं.

पण फोटो! मी काढलेल्या फोटोत सगळे हसतात. ओठ ताणून, दात दाखवून, उपकार केल्यासारखं नव्हे. खरंखुरं, पोट धरून. सासूबाईंचं हसू तर जगात फक्त माझ्या फोटोतच पाहायला मिळतं. इतकं मोकळं, की मेव्हणा म्हणतो, आईच्या दाढा कशा आहेत हे मी भावोजींच्या फोटोंवरूनच तपासतो. “जावईबापूंच्या हातात जादू आहे,” असं सासरे चारचौघांत म्हणाले होते. मी तेव्हा विनयाने मान खाली घातली होती. (आणि खालच्या खाली मोठ्या मुश्किलीने हसू दाबलं होतं.)

तर नवा कॅमेरा आला. छान, चपटा, खिशात मावणारा. त्याला डोळा लावायची ती खिडकी नाही. हात लांब करायचा आणि मागच्या पडद्यावर बघायचं. मी पहिला फोटो बायकोचा काढला. पडद्यावर पाहिलं. बायको स्पष्ट, स्वच्छ, एकेक केस मोजता येईल अशी. पण चेहरा बँकेत टोकन घेऊन बसल्यासारखा.

“हस की जरा.”

“हसतेच आहे.”

मग लेकीचा काढला. तीही तशीच. शेजारच्या काकांचा काढला, तर ते काकू गेल्यासारखे दिसायला लागले. (काकू शेजारीच उभ्या होत्या.) दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या साहेबांचा काढला. साहेबांनी तो पाहिला आणि मला विचारलं, “मी तुमचं काही वाकडं केलंय का?”

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी मोटार विभागात आहे. माझ्या टेबलावर दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो येतात. गाडीवाला म्हणतो, मागून धक्का बसला. मी फोटो बघतो आणि विचारतो, धक्का मागून, तर मग पुढचा दिवा कसा फुटला? असं वर्षानुवर्षं केल्यामुळे मला एक खोडच लागली आहे. काहीही बिघडलेलं दिसलं की ते नेमकं कसं झालं हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. आता माझ्यापुढे माझ्याच घरातलं प्रकरण उभं राहिलं होतं. जुन्या कॅमेऱ्यात माणसं हसतात, नव्यात हसत नाहीत. माणसं तीच, जागा तीच, काढणारा तोच. मग फरक कुठे आहे?

मी बायकोला दिवाणखान्यात खिडकीशी उभं केलं. आधी नव्याने फोटो काढला. टोकन. लगेच जुना उचलला, डोळ्याला लावला, आणि ती खळखळून हसली. पुन्हा नवा. टोकन. पुन्हा जुना. पुन्हा हसू.

“तू याच्यातच का हसतेस?”

“येतं हसू.”

“पण का येतं?”

“तुम्हाला फोटो चांगला आल्याशी मतलब ना?” असं म्हणून ती तोंड फिरवून आत गेली. तिचे खांदे हलत होते. मला त्या वेळी वाटलं, तिला शिंक येत असावी.

मग मी पद्धतशीर तपास सुरू केला. पहिला संशय आवाजावर. जुना कॅमेरा फोटो काढताना ‘खटॅक’ असा दणदणीत आवाज करतो, नवा अगदी मुका. मी नवा कॅमेरा समोर धरून तोंडाने ‘खटॅक’ म्हणून पाहिलं. लेक म्हणाली, “बाबा, बरं वाटत नाहीये का?” दुसरा संशय आकारावर. एवढं मोठं धूड समोर आलं की माणसाला आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटत असेल आणि तो खुलत असेल. म्हणून मी नवा कॅमेरा बुटाच्या खोक्यात बसवला, खोक्याला भोक पाडलं आणि तो बायकोपुढे धरला. यावर ती हसली नाही, पण खोकं कुठून घेतलं आणि त्यातले बूट कुठे आहेत याची चौकशी मात्र झाली. तिसरा प्रयोग महत्त्वाचा. जुना कॅमेरा मी बायकोच्या हातात दिला आणि तिला लेकीचा फोटो काढायला लावला. लेक हसली नाही! लेकीने बायकोचा काढला. बायकोही हसली नाही!

मी थक्क झालो. म्हणजे नुसता कॅमेरा नव्हे आणि नुसता मीही नव्हे. तो कॅमेरा माझ्या हातात आला तरच काहीतरी घडत होतं. कारागिराच्या हाताला त्याचं हत्यार ओळखीचं होतं ना, तसं. त्या दिवशी मी जुन्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मला भरून आलं. असा सोबती मी विकायला काढला होता! त्याच्या चिकटपट्टीवरून मी हलकेच बोट फिरवलं.

“विकायचा नाही,” मी जेवताना जाहीर केलं.

“मग नवा परत करा,” बायको म्हणाली. “आणि जाहिरात वाचून त्या नाक्यावरच्या स्टुडिओवाल्यांचा फोन आला होता. रविवारी सकाळी बघायला येतायत. आई-बाबाही रविवारीच येतायत. त्यांना लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो हवाय, मोठा करून भिंतीवर लावायला. नव्या कॅमेऱ्यावरच काढायचा. बाबांनी मुद्दाम सांगितलंय, जुन्यावर मोठा केला की दाणे दाणे दिसतात.”

एका दमात तिने माझे सगळे रस्ते बंद केले. आता रविवारी एक तर भिंतीवर कायमच्या टोकनवाल्या सासूबाई लागणार होत्या, आणि त्यांच्याखाली बसून मला जन्मभर जेवायचं होतं. किंवा मी जुना कॅमेरा हट्टाने राखणार आणि नवा परत करून सासऱ्यांना दाणे दाखवणार. दोन्हींकडून माझी पत जात होती.

रविवारी सासू-सासरे वेळेवर आले. (सासूबाई वेळेवर येतात असं म्हणणं चूक आहे. त्या आल्या की ती वेळ होते.) दिवाणखान्यात सोफ्यावर मधे ते दोघे, मागे बायको आणि लेक, अशी रचना केली. नव्या कॅमेऱ्याचं माहितीपत्रक मी तोंडपाठ केलं होतं, आणि त्यात मला एक आशेचा किरण सापडला होता. या कॅमेऱ्यात अशी सोय आहे, की तो तिवईवर ठेवून द्यायचा आणि समोरचे सगळे हसले की तो स्वतःच फोटो काढतो. एक जण जरी हसला नाही तरी काढत नाही. कोणाच्या हाताचा प्रश्नच नाही.

“सगळ्यांनी हसा,” मी म्हणालो, “म्हणजे तो काढेल.”

“तो कोण?” सासूबाईंनी विचारलं.

“कॅमेरा.”

“कॅमेरा ठरवणार, मी हसले की नाही ते?”

त्यांची भुवई वर गेली. कॅमेऱ्याने फोटो काढला नाही. सासऱ्यांनी ओठ ताणले. बायको आणि लेक हसल्या. कॅमेरा ढिम्म. सासूबाई कॅमेऱ्याकडे बघत होत्या, कॅमेरा सासूबाईंकडे बघत होता, आणि दोघांपैकी कोणीही माघार घ्यायला तयार नव्हतं. सासऱ्यांचे गाल थरथरायला लागले. ते ओठ न हलवता म्हणाले, “जावईबापू, आता गाल दुखतायत.” मी विनोद सांगितला. (तो मी सांगत नाही, कारण त्यानंतर लेकीचंही हसू गेलं.)

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. स्टुडिओवाले आले होते. टापटीप, टक्कल पडलेले, गळ्यात चष्मा. खोलीतलं हे दृश्य पाहून ते दारातच घुटमळले.

“मी मागाहून येऊ का?”

“या, या,” सासूबाई म्हणाल्या. “आम्हाला काही होत नाहीये.”

मी त्यांच्या हातात जुना कॅमेरा दिला. त्यांनी तो उलटापालटा केला, काचेतून पाहिलं, चिकटपट्टीवर नखाने टकटक केलं. म्हणाले, “चालू आहे ना? एक काढून दाखवा बघू.”

मी कॅमेरा घेतला. मनात म्हटलं, मित्रा, हा आपला शेवटचा फोटो. सासूबाईंचं डोकं चौकटीत नीट बसावं म्हणून मी जरा वाकलो, डोळा खिडकीला लावला, आणि समोर एकदम हशा उसळला. सासूबाई! खुद्द सासूबाई! दाढांपर्यंत! आणि बाजूच्या तिवईवरून नवा कॅमेरा धडाधड फोटो काढायला लागला, थांबायचं नावच घेईना. मागे स्टुडिओवालेसुद्धा भिंतीला टेकून डोळे पुसत होते.

“पाहिलंत?” मी ओरडलो. “पाहिलंत ना? हा कॅमेरा विकायचा नाही! याच्यात काहीतरी आहे!”

यावर सगळे आणखीच हसले. मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि नव्या कॅमेऱ्यातले फोटो बघितले. अप्रतिम! एकाच गोष्टीने माझ्यातला मोटार विभाग जागा झाला. सगळे हसत होते, पण नव्या कॅमेऱ्याकडे कोणीच बघत नव्हतं. चौघांच्याही नजरा थोड्या डावीकडे, एकाच जागी. गाडी कुठे घसरली हे कळायला आम्ही रस्त्यावरच्या चाकांच्या खुणा जिथे जातात तिथे जातो. मी नजरा जिथे जात होत्या तिथे गेलो. तिथे काहीच नव्हतं. मागे भिंतीवर फक्त कॅलेंडर होतं. मी ते उतरवलं. उलटं करून पाहिलं. कॅलेंडरमध्ये हसण्यासारखं काही नव्हतं.

“काय शोधताय?” बायकोने कसंबसं विचारलं.

“तुम्ही सगळे इथेच बघत होतात. इथे काय होतं?”

सासरे खिशातून रुमाल काढून त्यात तोंड लपवत होते. मी विचार केला, कॅमेऱ्यातून बघितलं तर कळेल. पुन्हा त्याच जागी उभा राहिलो, कॅमेरा डोळ्याला लावला आणि खोलीवरून हळूहळू फिरवला. सोफा, पडदा, मग बायकोचं पुस्तकांचं कपाट. त्याच्या काचेत मला एक अनोळखी माणूस दिसला.

या माणसाने एक डोळा इतका गच्च मिटला होता, की त्याचा अर्धा गाल कपाळाला भेटायला निघाला होता. एक नाकपुडी फुगली होती. गुडघे वाकवून, पार्श्वभाग मागे काढून तो नसलेल्या खुर्चीवर बसला होता. आणि तोंडाच्या कोपऱ्यातून त्याची जीभ बाहेर आली होती. मी लेन्सची कडी डावीकडे फिरवली. जीभ डावीकडे गेली. उजवीकडे फिरवली. जीभ उजवीकडे.

मी कॅमेरा खाली घेतला. काचेत मी होतो.

“हे,” मी बायकोला विचारलं, “किती वर्षं चाललंय?”

“पहिल्यापासून,” ती म्हणाली. “लग्नाआधी तुम्ही बागेत माझा पहिला फोटो काढलात ना? तुमच्या मित्राचा कॅमेरा होता तो, उसना आणलेला. तेव्हाही हेच. मी तर त्या तोंडावरच होकार दिला. म्हटलं, ज्याला आपण कसे दिसतोय याचं भान नाही, तो मला कशी दिसतेस म्हणून बोलणार नाही.”

“मग मला सांगितलं का नाही कोणी?”

“सांगितलं असतं तर तुम्ही तोंड सरळ केलं असतं,” ती एकदम गंभीर होऊन म्हणाली. “मग मी कशाला बघून हसायचं?”

खरं सांगतो, मला लाज वाटायला हवी होती, पण मला बरं वाटलं. इतकी वर्षं ही बाई माझं एक गुपित माझ्यापासूनच सांभाळत होती. पण पुढच्याच क्षणी भीती वाटली. आता तर मला कळलं होतं! मी घाईघाईने कॅमेरा उचलला आणि मुद्दाम डोळा मिटून, जीभ काढून समोर उभा राहिलो. कोणी हसलं नाही. स्टुडिओवाले चष्मा लावून बघत म्हणाले, “नाही. हे नाटकी वाटतंय.”

सासऱ्यांनी रुमालाची घडी घातली. माझी पत, माझी जादू, सगळं त्या कपाटाच्या काचेत विरून गेल्यासारखं वाटलं. तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, “जावईबापू! फोटो काढायचाय की नकला करायच्यात? माझं डोकं कापलं जाता कामा नये, मागच्या वेळी अंबाडा अर्धा गेला होता!”

मी घाबरून वाकलो, अंबाडा शोधायला लागलो, आणि तिवईवरचा कॅमेरा पुन्हा धडाधड सुरू झाला.

माझा जीव भांड्यात पडला.

स्टुडिओवाल्यांनी जुना कॅमेरा घेतला नाही. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, किंमत बोलणार. ते म्हणाले, “कॅमेरा राहू द्या तुमच्याकडेच. तुम्ही रविवारी सकाळी मोकळे असता का? माझ्याकडे लहान मुलं फार रडतात.”

जुना कॅमेरा अशा रीतीने घरात राहिला. कायद्याचं काय, असं मी विचारलं तेव्हा बायकोने त्याच्यावर एक छोटी चिठ्ठी चिकटवली: संदर्भ विभाग, बाहेर नेण्यास मनाई. आणि त्याच्या बदल्यात माझे व्यायामाचे डंबेल्स बाहेर गेले. आता कोणाकडे काही असलं की नवा कॅमेरा ती तिवईवर लावते आणि मी शेजारी जुना घेऊन उभा राहतो. सासरच्या भिंतीवर तो मोठा फोटो लागला आहे. येणारा-जाणारा विचारतो, “वा! कोणी काढला?” आणि सासूबाई सांगतात, “कॅमेऱ्याने आपोआप काढला. जावई नुसते उभे होते.”

परवा लेकीच्या वाढदिवसाला मला जुन्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून काहीच दिसेना. सगळा काळोख. त्या काळोखात मी जीव तोडून सासूबाईंचा अंबाडा शोधत होतो, वाकत होतो, कडी पिळत होतो, आणि समोर नुसता कल्लोळ उठला होता. त्या दिवसाचा फोटो आजवरच्या सगळ्या फोटोंत उत्तम आला. नंतर कळलं, लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं होतं.

तेव्हापासून बायको मला ते काढूच देत नाही.